दादाची दाढी

धाकट्याची जीभ वस्तऱ्याच्याही पुढे पळायची. सगळ्या गल्लीच्या उखाळ्यापाखाळ्या हा काढणार, आणि गिऱ्हाइकाने मात्र ओठसुद्धा हलवायचा नाही. हलवलाच तर हा वस्सकन अंगावर जायचा. लोक सहन करायचे, कारण हात लोण्यासारखा.

दुकान त्याचं आणि दादाचं एकच होतं. खिडकीजवळची खुर्ची कुणाची, एवढ्यावरून बिनसलं. हसू नका, याहून फुटकळ गोष्टींवरून घरं मोडतात. दादाने वेगळं दुकान थाटलं आणि दाढी वाढवली. त्याची दाढी कायम धाकट्यानेच केलेली. दुसऱ्याचा हात गालाला लावून घेईना, आणि धाकट्याला बोलावलं तर नाक खाली. ताठ्याला औषध नाही, दुसरं काय.

मग दादाचा श्वास कोंडला. फुप्फुसं पार थकली होती. घशात नळी घालण्याऐवजी नाकातोंडावर घट्ट मास्क बांधून मशीनने हवा आत ढकलायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. पण दाढीमुळे मास्क गालाला बसेना, सगळी हवा फटींतून बाहेर. दादाच्या बायकोचा फोन आला तसा धाकटा गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून धावला.

नर्सने मास्क काढून नाकाशी ऑक्सिजन लावला. "लवकर आटपा," ती म्हणाली. धाकट्याने गालाला साबण लावून वस्तरा उघडला. दादाने त्याचं मनगट धरलं. "अरे, तुला..."

"गप्प बस, दादा. लागेल. नंतर बोल."

दादा गप्प बसला. गाल स्वच्छ झाले, मास्क चपखल बसला. धाकट्याला वाटलं, वाचला. पण मास्क जरा सैल केला की दादाचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून तो पुन्हा काढलाच नाही. आतून दादा काहीतरी पुटपुटायचा. मशीनच्या आवाजात अवाक्षर कळायचं नाही. मग गुंगी आली, आणि त्या गुंगीतच दादा गेला.

बाहेर बाकावर वहिनीने डोळे पुसले. "नर्सच करणार होती दाढी, भाऊजी. पण यांनी हट्टच धरला, धाकट्यालाच बोलवा, मला त्याच्याशी बोलायचंय. काय म्हणाले हो तुम्हाला?"

 धाकटा हमसून रडायला लागला.

"बोलत होता, वहिनी," तो म्हणाला. "मी ऐकून घेतलं नाही."