नाना आमचे सालदार नव्हते

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, कारखान्यातल्या सोबत्यांजवळ नाही. देवापुढे हात जोडतानाही ही गोष्ट मी बाजूला ठेवतो — जणू त्याला ठाऊकच नाही. माझी शाळा आठवीत सुटली, लिहायची सवय नाही, तेव्हा मागेपुढे होईल. खरं म्हणजे सरळ मुद्द्यावर यायचीच भीती वाटते. आधी नानांबद्दल सांगू द्या.

नाना आमच्या गावचे शेतकरी. गाव धरणगावच्या पलीकडे. केळी, कापूस, विहिरीवर मोटार. नव्वदी ओलांडून गेले आणि सगळं आयुष्य हसण्यावारी नेलं. मोटार चालू झाली नाही की तिच्यापुढे उकिडवे बसून रुसलेल्या बायकोची समजूत घालावी तसे तिच्याशी बोलायचे. एका वर्षी वादळानं उभी बाग आडवी केली. बायामाणसं रडत होती, आणि हे बांधावर उभे राहून म्हणाले, “बठ्ठ्या केळी झोपी गयात. आते आपलेच जागनं पडी.” सगळ्या झोपल्या, आता आपणच जागायचं — हे ऐकून रडणारी माणसंही हसली.

माझे वडील त्यांच्याकडे सालदार होते. सालदार म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेला गडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, त्याचं साल संपतं आणि नवं ठरतं. त्या दिवशी इतरांच्या ओट्यावर घासाघीस चालायची. नानांचं वेगळंच. ते वडिलांना हाताला धरून खाटेवर बसवायचे, स्वतः खाली जमिनीवर बसायचे आणि हात जोडून विचारायचे, “मालक, औंदा माले ठेवस का काढस?” म्हणजे, यंदा मला ठेवतोस की काढतोस? वडील लाजून अर्धे व्हायचे. सगळं घर हसायचं. आणि मला — वर्षातून तेवढा एक दिवस माझा बाप मालक दिसायचा, ते मला फार आवडायचं. जरा जास्तच आवडायचं.

वडील गेले. आई आधीच गेली होती. नाना स्वतः मला घेऊन सुरतेला आले, साड्या रंगवायच्या कारखान्यात ओळखीनं लावलं. परत जायची घाई केली नाही. आठवडाभर माझ्या खोलीवर राहिले, मला भाकरी थापायला शिकवली. माझी पहिली भाकरी हातात धरून म्हणाले, हा नकाशा कोणत्या जिल्ह्याचा? आज माझ्याकडे जे काही आहे ते त्या माणसामुळे आहे. हे मी विसरलो होतो का? नाही. विसरलो असतो तर बरं होतं.

मग माझं लग्न ठरायला लागलं. सासरे नाशिककडचे, दोन पिढ्या सुरतेत. त्यांनी सहज विचारलं, गावाकडे काही आहे का? काही नाही म्हटलं असतं तरी त्यांनी मुलगी दिली असती. साधी माणसं आहेत ती. पण मी म्हणालो, शेती आहे, केळीची बाग आहे. मग बघतं कोण? — आणि मी नानांचं नाव घेतलं. वडिलांच्या वेळचा जुना सालदार आहे, म्हटलं. खोट्यासाठी दुसरं नाव सुचलं नसतं का? सुचलं असतं. पण हे खोटं माझ्यात लहानपणापासून तयारच होतं.

लग्नाला नानांना बोलावलं नाही. घाईत उरकलं, असं कळवलं.

पुढच्या हिवाळ्यात ते न सांगता आले. पिशवीत भरताची वांगी, भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ. सासरे घरात बसलेले. नाना खुर्चीत बसणार तोच सासरे आपुलकीनं म्हणाले, “या, या. तुम्हीच का ते सालदार नाना? जावईबापू तुमची फार आठवण काढतात.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. हसू नसलेलं त्यांचं तोंड मी तेवढंच एकदा पाहिलंय. मग ते खुर्ची सोडून खाली फरशीवर बसले. “हां, मीच तो. मालक बरा शे का ते देखाले उनू,” माझी खुशाली बघायला आल्यासारखे म्हणाले, आणि हात जोडून मला तेच विचारलं — औंदा माले ठेवस का काढस?

सगळे हसले. मीही हसलो.

इथवर असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण मला वाटलं, सासऱ्यांना शंका आली असेल. खोटं पक्कं करायला हवं. म्हणून मी सासऱ्यांकडे हात करून म्हणालो, “नाना, पप्पांना पाणी द्या.”

पाणी कुणी मागितलं नव्हतं. पंचाहत्तरी पार केलेला तो माणूस गुडघ्यावर हात टेकून उठला. माठ कुठे ते त्यांना ठाऊक नव्हतं, ते शोधत राहिले. मी बसून राहिलो — पायावर पाय टाकून. त्या पायांची मला किळस येते. त्या आवाजाची येते. मालकाचा आवाज असा असतो हे मी कुठे शिकलो? नानांकडे तर नाही.

जेवताना त्यांचं ताट गॅलरीत वाढलं गेलं, ते त्यांनी स्वतः धुऊन ठेवलं. स्टेशनवर सोडायला मी गेलो. डब्यात चढताना ते म्हणाले, “तुना बाप पक्का सालदार व्हता रे. माले जमनं का तसं?” मला जमलं का, एवढं विचारून हसले. थट्टा होती. मला अजून वाटतं, थट्टाच होती. मी सिग्नलकडे बघत राहिलो.

यंदा ते गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला. बायको म्हणाली, चला, मीही येते, आपल्यासाठी एवढं राबलेला माणूस. ती आली असती तर गावात पहिल्याच घरी सगळं उघडं पडलं असतं. मी म्हणालो, सुट्टी नाही मिळत. सुट्टी मी मागितलीच नव्हती.

दहाव्याच्या दिवशी तिनं खीर केली, एक पान बाहेर ठेवलं. आम्ही जेवायला बसलो. आमच्या मुलानं विचारलं, “पप्पा, ते आपल्या शेतात चांगलं काम करायचे का?”

“करायचे,” मी म्हणालो, आणि बायकोकडे आणखी खीर मागितली.