चरबी नको हं, काका

सगळी गल्ली त्यांना मटणवाले काका म्हणायची, आणि त्या गल्लीत काकांइतकं फिकं जेवणारा दुसरा माणूस नव्हता. दिवसभर लाकडी ठोकळ्यापाशी उभं राहून लोकांच्या घरच्या मेजवान्यांची सोय करायची, आणि संध्याकाळी आपण मात्र उकडलेल्या डाळीचं पातेलं पुढ्यात घेऊन बसायचं. डॉक्टरीणबाईंचा हुकूमच होता तसा.

त्याचं असं झालं, बायको गेली आणि वर्षभरात काकांच्या छातीत जड वाटायला लागलं. रक्त तपासलं तर वाईट कोलेस्टेरॉल वाट्टेल तसं वाढलेलं. वाढेल नाहीतर काय होईल! बाई गेल्यापासून घरात स्वयंपाक म्हणजे तव्यावर लोण्याचा गोळा आणि त्यात दुकानात उरलेला तुकडा. सकाळी पावाला दुधावरची साय. डॉक्टरीणबाई समंजस होत्या. "मटण म्हणजे काही विष नाही, दूधही नाही," त्या म्हणाल्या. "पण चरबी, लोणी, साय हे रोज उठून पोटात गेलं की रक्तवाहिन्यांत थर साठतो. साय काढलेलं दूध घ्या. मटण कधीमधी, तेही चरबी काढून. आता हे काम तुम्हाला मी काय शिकवणार?"

तेव्हा लेक धावत आली होती. दूरच्या शहरात नोकरी करणारी, एकुलती एक. आल्या आल्या तिने लोण्याचा डबा शेजारी देऊन टाकला आणि बापाला फैलावर घेतलं. "बाबा, तुमचं वय काय, तुम्ही खाता काय!" काका मान खाली घालून ऐकत होते आणि आतून सुखावत होते. किती दिवसांनी घरात कुणीतरी त्यांच्यावर ओरडत होतं! रजा संपेपर्यंत ती राहिली. डाळ शिजवायला शिकवली, भाज्या चिरून घेतल्या, समोर बसून जेवली. मग गेली.

आणि काका बरे झाले. तिथेच सगळं बिनसलं. आधी रोज येणारा फोन आठवड्यावर गेला. "गोळ्या घेता ना? तपासणी चांगली आली ना? मग झालं तर. ठेवते हं." सुट्ट्या आल्या की म्हणायची, "तुम्ही ठणठणीत आहात, मग पुढच्या वेळी येते." काकाही म्हणायचे, "तू तुझं काम सांभाळ गं, माझं काय." आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायचे. भयंकर एकटं वाटायचं त्यांना. पण सांगणार कुणाला?

दुकानात बायका रोज बजावायच्या, "चरबी नको हं, काका." सुऱ्याच्या टोकाने ते चरबी अलगद उतरवायचे आणि ठोकळ्याखालच्या टोपलीत टाकायचे. ती टोपली संध्याकाळी साबणवाला घेऊन जायचा. पुढची तपासणी जवळ आली तसा एका संध्याकाळी काकांनी त्यातला मोठा गोळा कागदात गुंडाळला आणि घरी आणला. दुसऱ्या दिवशीही आणला, मग रोजच. वाटेत लोणी घेतलं, सायीचं दूध घेतलं. आता या माणसाला काय म्हणावं, तुम्हीच सांगा! बरं, चवीने खावं, तर तेही नाही. जिभेची सवय मोडलेली. टाळूला तुपकट थर चढायचा, मळमळायचं, जिना चढताना कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. तरी औषध घ्यावं तसं नाक मुरडून खात राहिले. लेक यायला हवी, बस्स.

तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, हे काय करून ठेवलंत?"

"खाल्लं."

"अहो, गोळीने एकटीने किती लढायचं? हृदयाशी असला खेळ बरा नव्हे." आणि त्यांनी तिथल्या तिथे लेकीला फोन लावला.

काका घरी आले ते जवळजवळ गुणगुणतच. तिच्या खोलीतली चादर बदलली, खिडकी पुसली, कपाटातला एक कप्पा रिकामा केला. दुसऱ्या दिवशी दुकान बंदच ठेवलं. दुपारी बेल वाजली तसे चपला न घालताच दाराशी धावले.

दारात एक अनोळखी माणूस उभा होता, हातात डबा.

"कमी तेलाचं जेवण आहे, लोणी-बिणी काही नाही. ताईंनी लावलंय, दोन्ही वेळचं. रिकामा डबा उद्या द्या."

तेवढ्यात फोन वाजला. लेकच होती. "आला ना डबा? इथूनच सगळी व्यवस्था केली बघा. आता मला काळजी नाही."

काकांचा तोल सुटला. "आग लागो त्या डब्याला! मी मुद्दाम खाल्लं ते सगळं."

"मुद्दाम?"

"तू येशील म्हणून."

लेकीचा आवाज फुटला. "आईच्या वेळी असाच डॉक्टरांचा फोन आला होता, बाबा. काल परत तसाच आला. घाबरले मी. मागच्या वेळी कशीबशी आले, पण पुन्हा तुम्हाला तसं बघायला यायची हिंमतच होत नाही माझी." मग तिने विचारलं. "बरे असताना एकदा तरी म्हणालात का, ये म्हणून?"

काकांनी आठवून पाहिलं. नव्हते म्हणाले. एकदाही नाही.

"मग आता म्हणतो. ये."

"आता नाही. आधी बरे व्हा. बरे झालात की स्वतः फोन करा आणि मला करमत नाही म्हणून सांगा. मी येईन. पण तब्येतीचं कारण पुन्हा काढायचं नाही."

फोन ठेवून काका टेबलापाशी आले. डबा उघडला. भाजी होती, डाळ होती, मीठ बेताचंच होतं. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता त्यांनी खायला सुरुवात केली आणि सगळं संपवलं.