ओतिलियामावशीचा पंखा

आमच्या चाळीतल्या पोरींना नाचायला मिळालं ते ओतिलियामावशीमुळे. तिचे उपकार मी आजही विसरलेले नाही. हवानात तेव्हा सोबतीला मोठं माणूस असल्याशिवाय मुलगी नाचघराची पायरी चढत नसे, आणि आमच्या आयांना कामातून सवड नव्हती. मावशी मात्र आठवडाभर लोकांच्या पांढऱ्या सुटांना खळ घालून इस्त्री करायची आणि रविवारी दुपारी आम्हा सगळ्यांना घेऊन निघायची. तिचं लग्न झालेलं नव्हतं. लहानपणीच्या तापात डावा पाय अधू झालेला, चालताना तो फरशीवर घासत यायचा. "लंगडीला कोण पळवून नेणार? म्हणून तर तुमच्या आया निर्धास्त," असं ती स्वतःच हसून म्हणायची.

भिंतीकडेच्या खुर्चीत ती आमच्या पर्सा मांडीवर घेऊन पंखा हलवत बसे. कोणी विचारायला आला की आधी त्याचा सूट बघायची. "हा नको गं. याच्या कॉलरला दर आठवड्याला वेगळी लिपस्टिक असते." पसंत पडला तर ठरलेलं वाक्य यायचं, "एकच गाणं हं. आणि दोघांच्या मधून उजेड दिसला पाहिजे!"

तेव्हाच्या मांबो नाचाचा ठेका असा आडवातिडवा की भल्याभल्यांची पावलं चुकत. मग बासरी-व्हायोलिनवाल्यांनी चाल सोपी केली. खाचा कोरलेल्या वाळक्या भोपळ्याच्या वाद्यावर काडी घासली जाई आणि तिच्या तालावर नाचणाऱ्यांचे तळवे घासत, चा-चा-चा. बिलगायचं कामच नाही, समोरासमोर उभं राहायचं. म्हातारे, जाडे, लाजाळू, सगळे उतरले. मावशीचा अधू पायही खुर्चीखाली आपोआप हलू लागला. कोणी बघतंय असं वाटलं की ती झगा ओढून तो झाकायची.

"मावशी, चल ना," मी एकदा म्हणाले.

"वेडी का गं? इतकी वर्षं स्वतःला जपलंय, आता भर सभेत हसं करून घेऊ?"

तिला नाचायचं होतं, पण तिला कुणी विचारणार नव्हतं. मला फार वाईट वाटायचं.

एका रविवारी बेकरीवाला सेवेरिनो पुढे आला. विधुर, अबोल माणूस. दर आठवड्याला तोच सूट इस्त्रीला टाकायचा. "घडीसुद्धा मोडलेली नसते मेल्याची," मावशी कुरकुरायची.

"बाई, परवानगी असेल तर..."

मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वयाचा तरी विचार करायचा! बरं, जा नेलिदा. एकच गाणं. आणि मधून उजेड..."

मी उठले. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात तसाच मावशीपुढे.

"तुम्हालाच विचारतोय," तो घाम पुसत म्हणाला. "सूट तरी किती वेळा इस्त्रीला टाकू?"

मावशीचा पंखा थांबला. "माझा पाय..."

"माझे दोन्ही तसलेच आहेत. चला."

तिने माझ्याकडे पाहिलं. आम्हा सगळ्यांना राखणारी ती बाई पहिल्यांदा नाचायला आलेल्या पोरीसारखी घाबरली होती. मी तिच्या मांडीवरच्या पर्सा उचलल्या, हातातला पंखा काढून घेतला.

"जा मावशी," मी म्हणाले. "पण एकच गाणं हं."

ती गेली. मी तिच्या खुर्चीत बसले. घासणाऱ्या तेवढ्या पावलांत तिचं पाऊल कुठलं ते ओळखू येईना. तिसऱ्या गाण्यापर्यंत दोघांमधला उजेड बराच कमी झाला होता. मी पंखा तोंडासमोर धरला आणि दुसरीकडे बघत बसले.