शनिवारही बंद, रविवारही बंद

अख्ख्या वाशीम जिल्ह्यात मला ठाऊक असलेलं यहुदी घर एकच, आणि त्यातलाही अर्धा भाग साठीनंतर मॉर्मन झाला, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या एका ख्रिस्ती पंथात गेला. हा अर्धा भाग म्हणजे मालेगावातले आमचे शेजारी, मोटारवाले काका. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नव्याने तार गुंडाळून, रिवाइंडिंग करून देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना भलतंच करून बसण्यातही. गावाला त्यांचा पहिला धर्मच नीट कळला नव्हता. कुणी त्यांना ख्रिश्चन समजे, कुणी बोहरी. तेवढ्यात यांनी दुसरा घेतला. हैदराबादला लेकीकडे गेले असताना पांढरे शर्ट आणि टाय घातलेल्या, त्या पंथाच्या दोन तरुण प्रचारकांनी त्यांची पिशवी जिन्यावरून वर नेऊन दिली, एवढं निमित्त झालं. पुढच्या खेपेला बाप्तिस्माच. पाण्यात अख्खी बुडी मारायची होती आणि काकांना तर पाण्याची भीती. तरी परत आल्यावर ते मला, शेजारच्या शाळामास्तरला, कौतुकाने सांगत सुटले, "पायाचा अंगठा पाण्यावर राह्यला ना, मास्तर! मंग काय, अख्खा माणूस पुन्हा बुडवला. वाइंडिंग कच्ची राह्यली त मोटर परत खोला लागते, तसंच हाय ते."

नव्या पंथात चहा वर्ज्य. आता मोटार बसवायला कुणाच्या शेतावर गेलं की चहा येणारच, आणि नको म्हटलं तर घरधनी रुसणार. काका कप हातात घेतात, तोंडभर तारीफ करतात आणि घरधन्याची पाठ वळली की तो सोबत आलेल्या माझ्या हातात देतात. धर्म त्यांनी बदलला, पित्त माझं वाढलं.

यहुदी होते तेव्हा त्यांचं दुकान शनिवारी बंद असे. आता देवाचा वार रविवार, म्हणजे शनिवारी दुकान उघडणार, म्हणून शेतकरी खूश झाले. पण पहिल्याच शनिवारी काकांनी पक्कड उचलली आणि खाली ठेवली. "हातच चालून नाही राह्यला," म्हणाले. तेव्हापासून दोन्ही दिवस कुलूप. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत एकजण भलताच कावला. "काका, देव एक ठेवा का दोन, पण शनिवारी मोटर द्या ना बावा!" त्यावर काका शांतपणे म्हणाले, "देव थोच हाय. मीच जागा बदलली."

मी एकदा सरळच विचारलं, "पण काहून, काका?"

"आमच्यात दहा माणसं असल्याबिगर मोठी प्रार्थना होत नाही. इथं मी एकटा. उभी जिंदगी नऊ जणाइची वाट पाह्यली. तिथं हैदराबादले त्याइच्या प्रार्थनेले गेलो त माह्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती, मास्तर."

काकू आतून ऐकत होत्या. "तुमची खुर्ची तुमाले, माहा दिवा मले," एवढंच त्या म्हणाल्या आणि शनिवारचा पवित्र वार लागताना दिव्यापुढे म्हणायची शुक्रवार संध्याकाळची प्रार्थना त्यांनी काकांकडून काढून घेतली. लग्न झाल्यापासून ती काकाच म्हणत. आता ती कुणीच म्हणत नसे; काकू मुकाट्याने दिवा लावत आणि काका त्या वेळी अंगणात उगाच काहीतरी शोधत फिरत. चहावरून, अंगठ्यावरून हवी तेवढी थट्टा करा, या गोष्टीवर त्यांना हसू येत नसे. "धर्म बदलताना घरातलं माहं पान उठन, असं नव्हतं वाटलं," असं एकदा बोलून गेले.

मध्यंतरी लेक सुखरूप बाळंत झाली. काकूंनी मलिद्याचा नवस बोलला होता. त्यांचा मलिदा म्हणजे गूळखोबऱ्याचे पोहे, वर फळं, आणि नवसाला पावणाऱ्या एलियाहू पैगंबराच्या नावाने प्रार्थना. आम्ही शेजारीपाजारी आत बसलो, काका बाहेर पायरीवर. काकू स्वतःच हिब्रू प्रार्थना म्हणू लागल्या आणि मध्येच अडल्या. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, पुन्हा तिथेच अडल्या. बाहेर काकांचे ओठ हलत होते, पण आवाज काढायची त्यांची हिंमत नव्हती. मला तर वाटलं, आता उठून मीच त्यांना आत ओढून आणावं. तेवढ्यात काकू ताटावरची नजर न काढता म्हणाल्या, "अहो, पुढं काय हाय?"

काकांनी पुढची ओळ सांगितली. काकूंनी ती म्हटली. मग त्याच्या पुढची. एकदा उंबऱ्याबाहेरून, एकदा आतून, अशी ती प्रार्थना पुरी झाली.

मलिद्याची पहिली ताटली काकूंनी बाहेर नेऊन दिली. आत या, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. काकांनी ताटली दोन्ही हातांनी धरली आणि पायरीवरच, उंबऱ्याकडे तोंड करून खायला बसले.