रुडी वाइसानेनची लहान तबकडी

रुडी वाइसानेन खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला तेव्हा कंपनीनं त्याला घड्याळ दिलं आणि त्याच्या बायकोनं, मार्थानं, जमिनीतला धातू शोधायचं यंत्र. घड्याळ कुठं गेलं ते त्याला आजही ठाऊक नाही. यंत्र मात्र हाताला असं चिकटलं की मार्था म्हणायची, मी पैसे मोजून सवत घरात आणली.

वरच्या मिशिगनमधल्या आमच्या भागात अशी यंत्रं घेऊन हिंडणारे बरेच आहेत, पण रुडीइतका सोवळ्यानं हिंडणारा एकच. विचारल्याशिवाय कुणाच्या रानात पाय टाकायचा नाही. खड्डा खणला तर गवताचं ढेकूळ जसंच्या तसं परत बसवायचं. निघालेले गंजके खिळे, पत्रे, डब्यांची झाकणं स्वतःच्या बादलीत भरून घरी न्यायची. मी त्याला तोंडावर भंगारवाला म्हणायची. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढलेल्या बाईची जीभ कशी असणार? तो नुसता हसायचा. आज त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे, कारण त्यानं केलेले उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. निदान चार लोकांना सांगावेत.

माझ्या आजीनं फिनलंडहून येताना मध्ये फूल कोरलेला चांदीचा एक गोल ब्रोच आणला होता. आजी गेल्यावर तो माझ्या आईकडे, आइलीकडे आला. १९६२च्या फेब्रुवारीत सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, चुलीतून ठिणगी उडाली आणि शेतावरचं आमचं घर जळून गेलं. मी तेव्हा सहा वर्षांची. ब्लँकेट गुंडाळून बर्फात उभी होते. सगळं गेलं, पण आईनं छातीठोकपणे सांगितलं की ब्रोच काही जळाला नाही. आठवडाभर आधीच तिची धाकटी बहीण हिल्या कामासाठी डुलुथ शहरात गेली होती. तीच घेऊन गेली, आई म्हणाली. बर्फ वितळल्यावरसुद्धा आईनं राखेत हात घालून पाहिलं नाही. तिनं निकाल देऊन टाकला होता.

हिल्यामावशी दोन वर्षांनी गावात परत आली, पण गावातल्या आमच्या नव्या घराच्या उंबऱ्यावर तिनं कधी पाऊल ठेवलं नाही. चर्चमध्ये दोघी बहिणी दोन टोकांना बसायच्या. आई वारली तेव्हा मावशी दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभी राहिली. त्यानंतर दर रविवारी मी तिच्याकडे जाऊ लागले. ब्रोचचा विषय मी काढत नसे. तिनं मात्र एकदा, नव्वदाव्या वाढदिवसाला, केकचा तुकडा बशीत ठेवता ठेवता सांगितलं, "मी तो घेतला नाही, एवढं कुणीतरी मानावं. मग देवानं मला खुशाल न्यावं." मी मान डोलावली. मानलं होतं का, तर नाही. आईच्या दुधाबरोबर प्यालेली गोष्ट सहज जात नाही.

गेल्या वर्षी माझ्या भावानं ती जमीन शिकागोच्या एका भल्या माणसाला विकली. त्याला तिथं उन्हाळ्यासाठी घर बांधायचं होतं, ऑक्टोबरात पाया खणायला मशीन येणार होतं. माझ्या मनात आलं, आता नाही तर कधीच नाही. मी ऑगस्टमध्ये रुडीच्या दारात जाऊन उभी राहिले. भंगारवाल्याकडे शेवटी यावंच लागलं ना, एवढंच तो म्हणाला. शिकागोच्या माणसाची परवानगी त्यानं स्वतः फोन करून घेतली.

त्याच्या यंत्राच्या दांड्याला खाली एक तबकडी असते. तीच जमिनीतलं ओळखते. रुडीनं त्या वर्षी नवी मोठी तबकडी घेतली होती, जेवणाच्या ताटापेक्षाही मोठी. मार्केट नावाच्या शहरात असल्या यंत्रवाल्यांचं मंडळ भरतं, तिथल्या जाणत्यांनी सांगितलं होतं की जितकी मोठी तितकी खोल पोचते. जळक्या घराची जागा म्हणजे खिळेच खिळे. तेव्हा त्यानं यंत्रात लोखंडाला गप्प बसवायची सोय असते ती पुरती चढवली, म्हणजे खिळ्यांवर यंत्र ओरडणार नाही, चांदीवर तेवढं ओरडेल. दोन दिवस तो फिरला. यंत्रानं हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं कानावरचे हेडफोन काढले आणि मला म्हणाला, "सिल्व्हिया, इथं काही नाही. असतं तर बोललं असतं."

मी घरी आले आणि शंका घेतल्याबद्दल मनातल्या मनात आईची माफी मागितली. पुढचे तीन रविवार मी मावशीकडे गेले नाही. पाठ धरली आहे, असं फोनवर सांगितलं. मावशीनं पाठीला लावायला कापराचं मलम शेजारणीच्या हाती पाठवलं. ते मी कपाटात ठेवून दिलं. हे लिहिताना लाज वाटते, पण ज्याचं श्रेय त्याला द्यायचं तर आपलं पाप लपवून कसं चालेल?

चौथ्या आठवड्यात रुडी आला. मी कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला. त्यानं कशालाच हात लावला नाही. आमच्या लोकांत कॉफी पुढ्यात असून माणूस ती पीत नाही म्हणजे कुणीतरी गेलं, असंच समजावं.

"मी तुला खोटं सांगितलं," तो म्हणाला. "मुद्दाम नाही. पण खोटंच."

झोप येईना म्हणून त्यानं आपल्या परसात चांदीचं एक जुनं नाणं पुरलं होतं आणि भोवती चार गंजके खिळे. मोठी तबकडी वरून फिरवली. यंत्र गप्प. पुन्हा फिरवली, तरी गप्प. मोठ्या तबकडीखाली एका वेळी दहा खिळे येतात, तो सांगू लागला, आणि मध्ये चांदी असली तरी तिचा आवाज त्यांच्यात बुडून जातो. त्यात त्यानं लोखंडाला गप्प बसवलेलं, मग लोखंडाबरोबर चांदीही गप्प बसली. "ती जागा रिकामी नव्हती, सिल्व्हिया. मीच तिचं तोंड दाबून धरलं होतं."

मग त्यानं खिशातून नव्हे, तर कोटाच्या आतून बशीएवढी एक तबकडी काढून टेबलावर ठेवली. मार्केटच्या मंडळातल्या एका माणसाला आपली मोठी देऊन त्याच्याकडची ही जुनी, ओरखडे पडलेली घेतली होती. तो माणूस म्हणे हसला, अरे, हिनं तू वीतभरसुद्धा खाली पोचणार नाहीस. रुडी त्याला म्हणाला होता, घर साठ वर्षांपूर्वी जळलंय, नोहाच्या पुरात नाही बुडालं. मला खोल नकोय, मला खिळ्यांच्या मधे शिरायचंय.

मी विचारलं, "आणि या खेपेलाही काही निघालं नाही तर?"

"तर काही नाही असं तुला सांगेन. पण तेव्हा ते खरं असेल."

सप्टेंबरचे अकरा दिवस तो त्या जागेवर होता. दोऱ्या ताणून त्यानं दोन-दोन फुटांचे पट्टे आखले. लोखंडाची गप्प बसवणी काढून टाकली, त्यामुळे यंत्र दिवसभर आजारी म्हशीसारखं कण्हत असायचं. पाऊलभरसुद्धा नाही, अर्धं पाऊल पुढे, तबकडी जमिनीला जवळजवळ टेकवून. एक पट्टा उभा झाला की तोच आडवा. प्रत्येक खिळा बाहेर, बादलीत. मग त्याच जागी पुन्हा तबकडी, कारण खिळा निघाला की त्याच्या आडचं बोलू लागतं. एकाहत्तर वर्षांचा माणूस गुडघ्यांना जुन्या गालिच्याचे तुकडे बांधून खाली बसायचा, उठायचा. मी दुपारी मांस भरलेल्या, करंजीसारख्या पॅस्टी घेऊन जायची आणि बादल्या ट्रकमध्ये ओतायची. पाचव्या दिवशी माझी पाठ खरंच धरली. कापराचं मलम लावलं. छान आहे.

अकराव्या दिवशी दोन मोठ्या बिजागऱ्या निघाल्या आणि त्या जागी यंत्राचा सूर बदलला. कण्हणं थांबून एक स्वच्छ, बारीक आवाज आला. रुडीनं मला हाक मारली नाही, नुसता हात वर केला. आई-बाबांच्या खोलीची भिंत जिथं होती तिथं, पायाच्या दगडाला लागून, चार बोटं खाली. लाकडी जमिनीच्या फटीतून कधीतरी खाली पडला असावा. काळाठिक्कर, एका बाजूनं वाकलेला, पण मधलं फूल ओळखू येत होतं. मी मातीत बसून रडले. रुडीनं खड्डा बुजवला.

रविवारी मी त्याला बरोबर घेऊन मावशीकडे गेले. तो येत नव्हता, हट्टानं नेला. मावशीनं ब्रोच हातात घेतला, खिडकीशी नेला, उलटसुलट पाहिला. मग तिनं रुडीला विचारलं, "किती दिवस लागले?"

"अकरा. आणि आधीचे दोन वाया घालवले, मावशी. काही नाही म्हणून सांगून बसलो होतो. चुकलो मी. तुम्हालाही सांगायला हवं होतं, म्हणून सांगतो."

 पाद्रीबाबा आले तरी न उठणारी ती बाई टेबलाचा आधार घेऊन उठली आणि तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "माझ्या बहिणीनं माझ्यासाठी एक दिवस खणलं असतं तरी पुरे होतं रे. आणि चुकलो म्हणायला तर आमच्या घरात कुणाला जमलंच नाही."

खोलीत आमच्या घरातली मी एकटीच होते. रुडीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, टोपी हातात धरून तो खाली बघत उभा राहिला. त्या माणसाला हे किती सोपं गेलं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "माझी पाठ दुखत नव्हती. ते तीन रविवार. मलाही तूच घेतलास असं वाटलं होतं. मी चुकले."

"ठाऊक होतं मला," मावशी म्हणाली. "बस आता, सिल्व्हिया. त्यालाही बसव."