दंड घातलेलं लुगडं

दुकानाच्या काचेआड एका बाहुलीला दोन तुकडे जोडलेली साडी नेसवली होती. जोडाची शिवण मुद्दाम समोर दिसेल अशी. सूनबाई थबकली. "आई, किती वेगळी आहे ना!"

वेगळी कुठली? महायुद्ध संपलं तेव्हा आमच्या घरात दुसरं काही नेसायलाच नव्हतं. लुगडं मध्ये विरलं की माझी आई तेवढा भाग कापून टाकायची आणि उरलेली दोन टोकं शिवून जोडायची. याला दंड घालणं म्हणत. ती शिवण निऱ्यांत दडवता दडवता तिचा जीव मेटाकुटीला यायचा. "लढाई संपलीय, आता कापड स्वस्त होईल," असं वडील दर सणाला म्हणत. ते कधी झालं नाही.

काकूंकडे मंगळागौरीला बायका फुगड्या घालायच्या आणि आई भिंतीला टेकून बसायची. काकूंना कारण ठाऊक होतं, तरी चारचौघींत विचारायच्या, "काय गं, उठत नाहीस?"

"गुडघा धरलाय, जाऊबाई."

घरी आल्यावर आम्ही मुली तिच्या गुडघ्याला तेल चोळायचो. तीही मुकाट्याने चोळून घ्यायची.

आई गेली ती सवाष्ण. काकूंनी कोरं हिरवं लुगडं आणून तिच्यावर पांघरलं. लढाईनंतर तिला मिळालेलं ते पहिलं अखंड लुगडं, आणि तेही तिच्याबरोबर जळालं.

सूनबाई किंमत विचारायला निघाली. "आई, येताय ना आत?"

"तू ये जाऊन," मी म्हटलं. "माझा गुडघा धरलाय."