अंगावर बसलेलं चिलखत

शिवलेली वस्तू अंगातून काढायला हाडांचा डॉक्टर लागला, असं आमच्या टेलरकीच्या धंद्यात सहसा होत नाही. माझ्या बाबतीत झालं. तेही माझंच माप, माझंच काम, आणि बायकोच्या देखत.

शेलूबाजारात माझं दुकान आहे, मागंच घर. तीस वर्षांत गावातलं एकही पोट असं राहिलं नाही, ज्याचा घेर मला ठाऊक नाही. (काहींचा तो वर्षागणिक कसा वाढत गेला हेही ठाऊक आहे, पण धंद्यात काही गोष्टी मनातच ठेवाव्या लागतात.) "प्रकाशभाऊचं फिटिंग म्हणजे फिटिंग," असं लोक म्हणतात. लोकांनी असं म्हणू नये. माणूस खरं धरून बसतो.

माझी मुलगी प्राजक्ता बारावीला आहे, मंगरूळपीरच्या कॉलेजात. तिथल्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी वेशभूषेची एक स्पर्धा असते, त्यात मुलांनी आईबापांसोबत स्टेजवर यायचं असतं. मागच्या वर्षी मी तिला "येतो" म्हटलं आणि गेलो नाही. लग्नसराई होती, दुकानात ब्लाउजचा ढीग पडला होता. पोरगी माळिणीच्या वेशात, दोघांनी धरायची फुलांची टोपली एकटीच धरून स्टेजवर उभी राहिली. घरी आली तेव्हा तिनं ती टोपली कपाटावर ठेवून दिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी त्या टोपलीकडे बघत नसे.

म्हणून यंदा मीच विषय काढला. "प्राजू, यंदा मी येतो. काय बनाचं सांग."

तिनं माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की."

"मंग मी दुसऱ्या ग्रहावरची राणी, अन् तुमी माया अंगरक्षक. चिलखत घालून."

राणीचा झगा मी दोन तासांत शिवला. चिलखताचं मात्र तिनं मोबाईलवरून सामान मागवलं. आठवड्याभरात एक भलामोठा खोका आला. आत पांढऱ्या प्लास्टिकची छाती, पाठ, पोट, कंबर, हात, पाय, असा एक आख्खा माणूस सुटा सुटा करून भरला होता. सोबत तोंडासकट डोकं झाकणारा टोप आणि एक जाड पुस्तक, इंग्रजीत. प्रत्येक तुकड्याला चहूबाजूंनी जास्तीची कड होती. ती कापायची, घासायची, मग तुकडे जोडायचे.

"पप्पा, आधी पुस्तक वाचू," प्राजक्ता म्हणाली. "मी रविवारी घरी हाव, तवा दोघं मिळून करू. तोवर हात नोका लावजा."

"बेटा, तीस वर्ष झाले मले."

"ते कापड हाय पप्पा. हे प्लास्टिक हाय."

"अंग तर तेच हाय ना," मी म्हणालो. हे वाक्य मला त्या वेळी फार चांगलं वाटलं होतं.

शुक्रवारी ती क्लासला गेली, पुस्तकही बॅगेत घालून घेऊन गेली. सकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. खोका समोर होता. पोरगी दुपारी घरी येईल, तेव्हा बाप चिलखत घालून दारात उभा असेल, असं एक चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी कात्री उचलली.

पहिले दोन तास सुरेख गेले. कडा कापल्या, पॉलिशच्या कागदानं घासल्या. हाताच्या आणि पायाच्या नळ्या झाल्या. मग छाती-पोटाचा पुढचा भाग आणि पाठीचा मागचा भाग जोडायची वेळ आली. आता आमच्या धंद्याचा नियम असा, की खरं फिटिंग अंगावरच होतं. मी बायकोला हाक मारली.

शोभा पीठ मळत होती, तशीच हात पुसत आली. मी पुढचा भाग छातीला लावला, मागचा पाठीला, आणि म्हणालो, "आता दोन्ही बाजूनं पट्टी लाव, गोंद लाव, अन् वाळत घालाचे चिमटे लाव. खांद्यावर बी तसंच."

"अन् मंग काढसान कसं?" शोभानं विचारलं.

हा प्रश्न त्या घरात त्या दिवशी विचारला गेलेला एकमेव शहाणपणाचा प्रश्न होता. मी म्हणालो, "तू गोंद लाव वं."

आणि इथं माझ्या हातून ती गोष्ट झाली. अंगरक्षक म्हटल्यावर पोट दिसू नये, म्हणून मी पोट आत ओढलं. थोडंथोडकं नाही. लग्नाच्या फोटोत होतं तिथपर्यंत ओढलं. शोभानं बरोबर त्याच मापाला पट्ट्या चिकटवल्या. गोंद लागेपर्यंत मी वरच्या वर श्वास घेत उभा होतो. आरशात बघितलं तर खरोखर देखणा दिसत होतो. शोभासुद्धा म्हणाली, "बारीक दिसून राह्यले जी तुमी." बऱ्याच वर्षांनी म्हणाली.

तिनं चिमटे काढले. मी श्वास सोडला. पोट आपल्या जागी परत निघालं, आणि तिथं जागा नव्हती.

कापड असतं तर शिवण उसवली असती, बटण तुटलं असतं. प्लास्टिक काहीच बोललं नाही. मी पाव श्वास आत घेत होतो आणि तेवढाच बाहेर सोडत होतो.

"काढ," मी म्हणालो. पूर्ण वाक्य बोलायला हवा पुरत नव्हती.

शोभानं खालून वर ओढलं, मग वरून खाली ओढलं. गळ्यातून खांदे निघेनात, खालून कंबर निघेना. तिनं गोडेतेल आणलं. तेलानं एवढंच झालं, की आता मी आतल्या आत गोल फिरू शकत होतो. मी कात्री मागितली. पण काखेखाली कात्रीचं टोक शिरायलाच फट नव्हती. इतकं काटेकोर फिटिंग मी जन्मात कुणाचं केलं नव्हतं.

शेजारी कासमभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. शोभा त्यांना बोलावून आली. ते लोखंड कापायची आरी घेऊन आले, माझ्याभोवती दोन वेळा फिरले, आणि आरी खाली ठेवली.

"प्रकाशभाऊ, प्लास्टिक कुठं खतम होते अन् तुमी कुठून सुरू होता, तेच मले दिसून नाई राह्यलं," ते म्हणाले. "म्या कापलं तर दोन्ही कापल्या जाईल."

"मंग?"

कासमभाईंनी विचार केला. "मंगरूळपीरले हाडाचा डॉक्टर हाय. पलस्तर कापते तो. त्याच्यापाशी चामडी न कापनारी मशीन हाय. माया मेव्हन्याचा पाय तेनंच सोडवला."

आता जायचं कसं? चिलखत मांडीपर्यंत आलं होतं, त्यामुळे मला बसता येत नव्हतं. जीप नाही, एसटी नाही, ऑटोसुद्धा नाही. शेवटी कासमभाईंनी त्यांच्या ओळखीच्या माणसाचा भाजीचा टेम्पो आणला. मागं कोबीच्या पोत्यांमध्ये मी उभा राहिलो, दोन्ही हातांनी दांडी धरून. पुढं ड्रायव्हरजवळ शोभा बसली. बसण्याआधी तिनं चिलखताचा टोप आणून माझ्या डोक्यावर चढवला.

"हे कायले?"

"लोकायनं वळखू नये म्हनून," ती म्हणाली.

तिचा हेतू चांगला होता. पण घाईत घरातून निघताना मी सवयीनं खुंटीवरचा टेप उचलून गळ्यात अडकवला होता. टेम्पो स्टँडवरून निघाला, आणि पहिल्याच चौकात एका बाईनं हाक मारली, "प्रकाशभाऊ, माया ब्लाउज झाला काय?"

मी मान हलवली. हो की नाही, ते टोपामुळे तिला कळलं नसावं, कारण ती टेम्पोमागे बरंच अंतर चालत आली.

महामार्गावर लोक मोटारसायकली बाजूला घेऊन फोटो काढत होते. एकानं विचारलं, "कशाची जाहिरात हाय?" ड्रायव्हर मोकळ्या स्वभावाचा होता. तो म्हणाला, "कोबीची." पुढं एक वरात लागली. रस्ता अडला. नवरीकडच्यांना वाटलं मी नवरदेवाकडून आलोय, आणि नवरदेवाकडच्यांना वाटलं नवरीकडून, त्यामुळे दोन्हीकडच्यांनी माझा मान राखला. बँडवाला टेम्पोजवळ येऊन वाजवू लागला. खाली माणसं नाचत होती, मी वर पाव श्वासात उभा होतो. एक हात हलवला, तर सगळ्यांनी हात हलवले. आता सांगायला हरकत नाही, दोन मिनिटं मला बरं वाटलं.

दवाखान्यात बाकावर पायाला, हाताला पलस्तर लावलेली माणसं बसली होती. मी दारात उभा राहिलो तशा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बाप्पा, पुरं पलस्तर केलं वं याले. कुठून पडला असन?"

लगेच सगळ्यांनी मला पुढचा नंबर दिला.

टोप काढला, तर कंपाउंडर ओळखीचा निघाला. "जय भीम, प्रकाशभाऊ. हे कवा घातलं?"

"सकाळी."

"अन् कुठं मोडलं?"

"कुठंच नाई."

त्यानं ते कागदावर लिहून घेतलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझी सगळी हकीगत उभ्या उभ्या ऐकली. हसू आलं म्हणून दोनदा खिडकीकडे तोंड केलं, पण हात चांगला होता. मशीन घूं घूं करत काखेपासून मांडीपर्यंत खाली गेली, मग दुसऱ्या बाजूनं. "हलू नका," ते म्हणाले. हलायला जागाच कुठं होती? खांद्यांवर दोन काप दिले, आणि चिलखताचे दोन भाग होऊन पुढचा पुढं आणि मागचा मागं पडला. मी पोटभर श्वास घेतला. या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला.

तेवढ्यात प्राजक्ता आत आली. शोभानं तिला फोन केला होता, क्लास जवळच होता. ती आधी माझ्याकडे धावली, मला काही झालेलं नाही हे बघितलं, आणि मग तिची नजर खाली पडलेल्या तुकड्यांवर गेली.

स्पर्धा सोमवारी होती. माझ्या डोळ्यांसमोर ती टोपली आली. बनियनवर, तेलानं माखलेला मी म्हणालो, "बेटा, माफ कर. यंदा बी माह्याच्यानं..."

खाली बसून तिनं कापलेल्या कडांवरून बोट फिरवलं. मग बॅगेतून ते जाड पुस्तक काढलं, एक पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. चित्रात चिलखत होतं. दोन्ही बाजू उघड्या, खांदे उघडे, आणि मध्ये ताणणारे पट्टे.

"पप्पा," ती म्हणाली, "इथं जोडाचंच नव्हतं. इथं इलास्टिक लावाचं होतं. डॉक्टरनं बराबर कापलं."

"इलास्टिक?" मी म्हणालो. "ते तर मले लावता येते."

त्यावर ती जी हसायला लागली ती थांबेचना. मग शोभा, मग कंपाउंडर. डॉक्टरांना आता खिडकीकडे वळायची गरज राहिली नाही. बाहेरची म्हातारी दारातून डोकावून म्हणाली, "हाड सापडलं वाटते."

रविवारी आम्ही दोघं पुस्तक समोर ठेवून बसलो. ती वाचायची, मी ऐकायचो. इलास्टिक मी लावलं, चार बोटं ढिलं ठेवून, पोटाला त्याच्या मर्जीप्रमाणे राहता येईल असं. सोमवारी स्टेजवर राणी पुढं आणि मी मागं. परीक्षकांनी विचारलं, "चिलखत कुणी बनवलं?" प्राजक्ता माईकवर म्हणाली, "पप्पांनी जोडलं अन् डॉक्टरसायबानं सोडवलं." सभागृह हसलं. मग ती म्हणाली, "हे माहे पप्पा हायेत," आणि माझा हात धरून वर केला. आमचा तिसरा नंबर आला. टोपामुळे माझा चेहरा दिसत नव्हता, ते एक बरं झालं.

दुकान जोरात चालू आहे. फक्त माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक आता लगेच टेप लावू देत नाही. आधी छाती फुगवून भरपूर श्वास घेतं, तो धरून ठेवतं, आणि हातानंच खूण करतं: आता घ्या.